महानगरपालिकेचा अर्थसंकल्प व करउत्पन्नाचा अंदाज

महानगरपालिकेच्या येत्या आर्थिक वर्षाच्या (१ एप्रिल ते ३१ मार्च) जमाखर्चाचे अंदाजपत्रक. महाराष्ट्रात मुंबईसाठी १८८८ चा आणि इतर शहरांसाठी १९४९ चा महानगरपालिका अधिनियम त्याला लागू होतो. आयुक्त अंदाज मांडतात, स्थायी समिती त्यात फेरफार करते, सर्वसाधारण सभा मंजुरी देते. सभागृहाची मुदत संपून प्रशासक आला की हे सारे अधिकार त्याच्याकडे एकवटतात. मुंबईत मार्च २०२२ नंतर काही वर्षे असेच चालले.

राज्य सरकारसारखी तूट महापालिकेला दाखवता येत नाही. वर्षअखेर काहीतरी शिल्लक उरली पाहिजे, अशी कायद्याची अट आहे. त्यामुळे कामांची यादी लांबली की जमेचा आकडा फुगतो. १९४९ च्या अधिनियमानुसार पुढील वर्षाचे करदर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. करवाढ नगरसेवकांना नकोशी असते आणि ती तारीख उलटल्यावर जमा वाढवायला उरतो तो फक्त अंदाज. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातील कामांची ‘स’ यादी प्रसिद्ध आहे. तिच्यासाठी लागणारी रक्कम कागदावर बहुधा मालमत्ता कर किंवा बांधकाम परवानगीच्या लेखाशीर्षातून उभी राहते.

मालमत्ता कराचा अंदाज वरवर सोपा वाटतो : मिळकतींची संख्या, करयोग्य मूल्य आणि कराचा दर यांवरून चालू मागणी निघते. मागणी म्हणजे मात्र वसुली नव्हे. न्यायालयात अडकलेली बिले, सरकारी खात्यांकडील बाकी, मोबाइल मनोऱ्यांचे वाद, दोनदा नोंदलेल्या मिळकती हे सगळे वजा करावे लागते. थकबाकीचा आकडा तर विशेष फसवा. थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती चढते, म्हणजे मूळ थकबाकीवर वर्षाला २४ टक्क्यांची भर. पुढे अभय योजना येते आणि हीच शास्ती बव्हंशी माफ होते. जी रक्कम पालिका स्वतःच सोडून देणार आहे, ती उत्पन्नात धरणे हा हिशेब नव्हे. शिवाय प्रामाणिकपणे वेळेवर भरणारा पुढच्या योजनेची वाट पाहायला शिकतो, त्याचा फटका चालू वसुलीलाही बसतो.

मुंबईत २०१० पासून कर भांडवली मूल्यावर आकारला जातो. या पद्धतीतील काही नियम उच्च न्यायालयाने रद्द केले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्याच वर्षापासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली. शहर उंच वाढत असताना हा कर मागे पडला, याची ही दोन उघड कारणे.

जकातीची गोष्ट वेगळी. नाक्यांवर ती रोज रोख जमा होई आणि व्यापाराची नाडी तिच्यावरून कळे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. राज्याने कायदा करून २०१६-१७ हे आधारवर्ष धरले आणि दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने भरपाई ठरवली. अंदाजपत्रकातील सर्वांत भरवशाचा आकडा हाच. पण तो शहराच्या उलाढालीशी जोडलेला नाही आणि देणारा हात मंत्रालयाचा आहे. मुंबईच्या २०२५-२६ च्या सुमारे ७४,४२७ कोटी रुपयांच्या अर्थसंकल्पात ही भरपाई सुमारे १४,३९८ कोटी, तर मालमत्ता कर ५,२०० कोटी धरला होता.

बांधकाम परवानगी, विकास शुल्क आणि चटईक्षेत्राचे अधिमूल्य यांचे उत्पन्न सर्वांत चंचल. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने अधिमूल्यात वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सवलत दिली. विकासकांनी पुढचे प्रस्तावही उरकून घेतले आणि मुंबईत या शीर्षाखालील जमा अंदाजाच्या कितीतरी पट झाली. अशा एका वर्षाला पाया मानून पुढचा अंदाज बांधला, तर तो कोसळणारच.

सुधारित अंदाज वर्षाच्या सरत्या तिमाहीत बनतो : तोवरची प्रत्यक्ष जमा आणि उरलेल्या महिन्यांची अपेक्षा यांची बेरीज. इथे सरळ सरासरी चालत नाही. पुण्यात सवलतीमुळे बराच मालमत्ता कर वर्षाच्या सुरुवातीलाच येतो, तर अनेक पालिकांत मार्चमध्ये जप्तीच्या नोटिसा निघाल्यावर पुन्हा गर्दी उसळते. अंदाज चुकला तरी वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जफेड थांबत नाही. थांबतात ती नवी कामे. त्यांचा निधी ‘वर्गीकरण’ करून दुसरीकडे वळतो किंवा ठेकेदारांची बिले दायित्व म्हणून पुढच्या वर्षाच्या माथी येतात.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज शेजारीशेजारी छापलेले असतात. नव्या आकड्याची तुलना वाचकाने प्रत्यक्ष जमेच्या रकान्याशी करावी.