रंगभवनाचे दिवस : रॉकरसिकांच्या आठवणींचा मागोवा

'रंगभवन गल्ली' हे नाव राज्यातील बहुतेक वाचकांना २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे ठाऊक झाले. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन पोलीस अधिकारी याच गल्लीत धारातीर्थी पडले. ज्या वास्तूवरून गल्लीला हे नाव मिळाले, त्या रंगभवनाची त्यापूर्वीची ओळख मात्र आज विस्मृतीत जाऊ लागली आहे. आता पन्नाशी-साठी ओलांडलेल्या रॉक संगीताच्या चाहत्यांसाठी रंगभवन हे तीर्थक्षेत्र होते. जुने चाहते एकत्र आले की गप्पा फिरून फिरून तिथेच येतात. या आठवणींमागचा इतिहास मराठीत फारसा नोंदला गेलेला नाही. त्याचा हा संक्षिप्त आढावा.

रंगभवनापूर्वीचा काळ

मुंबईत रॉक संगीताचा प्रेक्षक साठच्या दशकाच्या उत्तरार्धातच तयार होऊ लागला होता. सिगारेटच्या एका ब्रँडच्या नावाने होणाऱ्या 'सिमला बीट' या देशव्यापी स्पर्धेतील वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिका १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या. १९७२ मध्ये 'लेड झेपेलिन' या इंग्लंडमधील गटाचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि येथील वादकांना घेऊन त्यांनी प्रायोगिक ध्वनिमुद्रण केले.

मराठी रसिकांच्या दृष्टीने या काळातील सर्वांत महत्त्वाचे नाव नंदू भेंडे यांचे. ज्येष्ठ रंगकर्मी आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे हे चिरंजीव 'वेल्व्हेट फॉग' या रॉक वाद्यवृंदात गात असत. अलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या संगीतिकेतील त्यांची ज्यूडासची भूमिका गाजली. पु. ल. देशपांडे यांनी रूपांतरित केलेले आणि जब्बार पटेल यांनी १९७८ मध्ये रंगमंचावर आणलेले 'तीन पैशाचा तमाशा' हे नाटक ज्यांनी पाहिले, त्यांनी रॉकचा आवाज मराठी रंगभूमीवर प्रथम ऐकला तो बहुधा भेंडे यांच्याच गळ्यातून. एप्रिल २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

खुल्या आकाशाखालचा रंगमंच

महापालिका मार्गालगत, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी असलेले रंगभवन हे खुले नाट्यगृह. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर. १९७८ पासून भरणाऱ्या 'जॅझ यात्रा' या महोत्सवाने या जागेला पाश्चात्त्य संगीताच्या नकाशावर आणले. मार्च १९८० मध्ये 'द पोलीस' हा इंग्लंडचा गट मुंबईत वाजवून गेला. त्या काळी परदेशी गटाचा कार्यक्रम भारतात होणे ही अपूर्वाई होती.

रॉकरसिकांच्या दृष्टीने खरे वळण १९८६ चे. 'मिराज' या गटाचे फरहाद वाडिया यांनी त्या वर्षी 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला. चाहत्यांच्या तोंडी तो 'आय-रॉक' झाला. देशाच्या निरनिराळ्या भागांतील गटांना एकाच रंगमंचावर आणणारा हा उपक्रम स्वातंत्र्यदिनाच्या आसपास भरे. ऑगस्ट महिना आणि वर उघडे आकाश, त्यामुळे भिजलेले काळे टी-शर्ट, चिखलाने माखलेले बूट आणि ओल्या पायऱ्या यांच्याशिवाय रंगभवनाची आठवण पूर्ण होत नाही.

आवडता गट : रॉक मशीन

'तुमचा गट कोणता?' या प्रश्नावर या पिढीतील असंख्य चाहते परदेशी नावांबरोबरच एक मुंबईचे नाव घेतात, ते म्हणजे 'रॉक मशीन'. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या गटात पुढे गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश टिनाईकर आणि जयेश गांधी, बासवादक मार्क सेल्विन, ड्रमवादक मार्क मेनेझेस आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया ही फळी स्थिरावली.

या गटाचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळचा प्रघात ध्यानात घ्यावा लागेल. श्रोत्यांना हवी असत ती परदेशी गाणी, आणि तीही तबकडीवर असतील तशीच. गट किती चांगला, हे नक्कल किती हुबेहूब यावरून ठरे. रॉक मशीनची सुरुवातही अशाच गाण्यांनी झाली. नंतर मात्र त्यांनी स्वतःच्या रचना वाजवण्याचा आग्रह धरला. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हे त्यांचे संग्रह प्रसिद्ध झाले. आपल्याच शहरातील मुलांनी रचलेली गाणी तोंडपाठ असलेला श्रोतृवर्ग त्यातून तयार झाला. जुने चाहते या गटाविषयी आजही आपलेपणाने बोलतात, त्याचे कारण येथे आहे.

१९९३ मध्ये गटाने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले. १९९५ मध्ये त्याच नावाचा संग्रह आला आणि १९९७ मध्ये गट विसर्जित झाला. २०१० मध्ये काही जुने, काही नवे सदस्य पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह निघाला.

नाचणगाव ते मुंबई

महानगरातील या घडामोडींचा वर्धा जिल्ह्याशी काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. देवळी तालुक्यातील नाचणगाव हे पुलगावला लागून असलेले गाव. पुलगाव स्थानक मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावर आहे. येथून मुंबईचे अंतर सातशे किलोमीटरहून अधिक असले, तरी हा मार्ग जिथे संपतो तिथून रंगभवन हाकेच्या अंतरावर. विदर्भातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेलेल्या तरुणांना हे संगीत तिथे भेटे आणि सुटीत गावी येताना पिशवीतल्या कॅसेटमधून ते सोबत येई.

कॅसेट हेच त्या काळचे खरे वाहन होते. साठ वा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट विकत घ्यायची, मित्राच्या टेपरेकॉर्डरवरून ती भरून घ्यायची आणि पुठ्ठ्यावर बॉलपेनने गाण्यांची यादी लिहायची, हा क्रम या पिढीच्या अंगवळणी पडलेला होता. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांमुळे एमटीव्ही घरात आला आणि केवळ आवाजाने ओळखीचे असलेले चेहरे प्रथमच दिसले. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक सुरू केले, ते अलाहाबादहून. या संगीताचा वाचक महानगरांबाहेरही आहे, याचा हा पुरावाच होता.

शांतता क्षेत्र आणि त्यानंतर

ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये अमलात आले. रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद त्यात आहे. एका बाजूला महाविद्यालय आणि जवळच कामा व गोकुळदास तेजपाल ही रुग्णालये, अशा जागी असलेल्या रंगभवनातील ध्वनिक्षेपक त्यानंतरच्या काही वर्षांत बंद झाले. रुग्णांच्या शांततेचा हक्क निर्विवाद आहे आणि अनेक चाहतेही तो मान्य करतात. त्यांची खंत निराळी आहे. शहराच्या मध्यभागी, रेल्वे स्थानकाजवळ, विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल अशी दुसरी खुली जागा त्यांना मिळाली नाही.

आय-रॉक पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेला, मध्यंतरी खंडित झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये माझगाव येथे पुन्हा भरला. दरम्यान परदेशी गटांचे येणे वाढले. रोलिंग स्टोन्स २००३ मध्ये, रॉजर वॉटर्स २००७ मध्ये, आयर्न मेडन २००८ मध्ये आणि गन्स अँड रोझेस २०१२ व २०२५ मध्ये मुंबईत येऊन गेले. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे नवी मुंबईत तीन कार्यक्रम झाले.

आठवणींची कालनिश्चिती

गप्पांमध्ये वर्षांची सरमिसळ होतेच. आपली आठवण नेमकी कधीची, हे ठरवण्यासाठी काही खुणा उपयोगी पडतात. गटाचे नाव 'रॉक मशीन' असेल तर कार्यक्रम १९९३ पर्यंतचा. 'इंडस क्रीड' असेल आणि जागा रंगभवन असेल, तर १९९३ ते १९९७ या दरम्यानचा. आय-रॉकची आठवण अंधेरीची असेल तर ती रंगभवन सुटल्यानंतरची.

कपाटात पडून असलेल्या भरलेल्या कॅसेटही कागदपत्रांइतक्याच मोलाच्या आहेत. ओलाव्याने चुंबकीय फितीला बुरशी लागते आणि आवाज कायमचा जातो. एखाद्या कॅसेटवर कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण असेल, तर ते वेळीच संगणकावर उतरवून ठेवावे. तिकिटाच्या अर्धुकावर व छायाचित्राच्या मागे ठिकाण आणि वर्ष लिहून ठेवावे. रंगभवनाच्या पायऱ्यांवर बसलेली पिढी आता वयस्क होत आहे. ती सांगते आहे तोवरच हा इतिहास उतरवून घेता येईल.