हिमतुषार आणि सालवन

उष्ण कटिबंधातील पानझडी वनांचा इतिहास लिहिताना दुष्काळ, वणवा आणि कुऱ्हाड यांचा विचार होतो, थंडीचा क्वचितच. वस्तुतः सन १९०५ ची थंडी उत्तर हिंदुस्थानात इतकी असाधारण ठरली की, आर. एस. ट्रूप यांच्या १९२१ च्या त्रिखंडात्मक ग्रंथात भारतीय वृक्षांची सहनशक्ती सांगताना तिचा दाखला पुनःपुन्हा येतो.

निरभ्र, निर्वात रात्री थंड, जड हवा उतारावरून वाहत येऊन खोलगट भागात साचते. पेशींमधील पोकळ्यांत बर्फ धरले म्हणजे ते पेशींतील पाणी ओढून घेते आणि कोवळी पालवी भाजल्यासारखी काळवंडते. साल वृक्षाचे रोप मात्र सहसा समूळ मरत नाही. कोंब जळतो, मूळ जगते. पुन्हा फुटते, पुन्हा जळते. शेंडा थंड हवेच्या थराबाहेर जाईपर्यंत हा क्रम वर्षानुवर्षे चालू शकतो. उंचीवरून अशा रोपाचे वय ठरविणे म्हणूनच धोक्याचे.

जुन्या मध्य प्रांतातील कान्हा येथे उतारावर साल आणि तळाशी केवळ गवत असे दृश्य दिसते. ही मैदाने म्हणजे सर्वस्वी जुन्या शेतीचे अवशेष होत, हे मत आम्हांस अपुरे वाटते. त्यांपैकी काही १९६९ पासून उठविलेल्या गावांची आहेत, हे निर्विवाद. परंतु एकदा मोकळी झालेली जमीन मोकळीच का राहिली, याच्या उत्तरात वणवा व चराई यांच्याबरोबर हिमतुषारही धरावा लागतो.