घटिका, प्रहर आणि प्रागची तबकडी

'चार घटका दिवस राहता', 'दोन प्रहर रात्र झाली असता' अशा कालनिर्देशांची जुन्या मराठी कागदपत्रांत रेलचेल आहे. त्यांचे आजच्या तासांत रूपांतर करताना सूर्योदय सहाला धरावयाचा आणि प्रहर तीन तासांचा मानावयाचा, अशी सोपी पद्धत रूढ आहे. ती सदोष होय.

घटिका हे समान परिमाण आहे. तळाशी छिद्र असलेले तांब्याचे पात्र स्वच्छ पाण्यात ठेविले असता अहोरात्रात साठ वेळा बुडावे, असे त्याचे लक्षण सूर्यसिद्धान्तात दिले आहे. म्हणजे एक घटिका २४ मिनिटांची. घटिका म्हणजे लहान घट. पात्राचे नाव कालाला मिळाले. 'तास' या शब्दाची वाटही तीच. अरबी-फारसीत त्याचा अर्थ पात्र असाच आहे. 'घटका भरली' असे म्हणणाराच्या गावीही ते बुडते भांडे नसते!

प्रहराचे तसे नाही. कोष्टकांतील साडेसात घटकांचा प्रहर ही केवळ सरासरी होय. मूळ कल्पना दिनमानाच्या चतुर्थांशाची. सांगलीच्या विश्रामबागेत जूनमधील मोठा दिवस सुमारे १३ तासांचा, तर डिसेंबरमधील लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो. तेव्हा दिवसाचा प्रहर एकदा सव्वातीन तासांचा, तर एकदा पावणेतीन तासांचा भरतो. मात्र सूर्योदयापासून दोन प्रहर लोटले की बाराही महिने मध्यान्हच होतो. 'दुपार' हा शब्द म्हणूनच टिकला. १९०६ साली आलेल्या प्रमाणवेळेने हा मध्यान्ह विश्रामबागेत सरासरीने १२ वाजून ३२ मिनिटांवर नेला, ही गोष्ट निराळी.

समान आणि विषम कालमानांचे असे सहजीवन केवळ आपल्याकडेच होते असे नव्हे. प्रागच्या जुन्या नगरभवनावरील १४१० सालचे खगोलीय घड्याळ पाहावयास जाणारे प्रवासी बहुधा खिडक्यांतून फिरणाऱ्या प्रेषितांच्या मूर्ती पाहून परततात. त्या पुष्कळ नंतरच्या आहेत. अभ्यासकाने पाहावयाची ती तबकडी. तीवरील वक्ररेषा सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा भाग करतात; हे भाग ऋतुमानाप्रमाणे लहानमोठे होतात. बाहेरचे कडे मात्र चोवीस समान होरा दाखविते, आणि त्यांची गणना सूर्यास्तापासून होते. अस्ताची वेळ बदलते तसे ते कडेही सरकते. त्यावर बाविसावी होरा दिसली की अस्ताला दोन तास उरले, हे बोहेमियातील शेतकऱ्यालाही आकडेमोडीवाचून कळत असे.

'चार घटका दिवस राहता' या प्रयोगाचा रोख नेमका हाच आहे. त्याचा अर्थ अस्तापूर्वी १ तास ३६ मिनिटे. विश्रामबागेच्या अक्षांशावर सूर्यघटीप्रमाणे ही वेळ जूनअखेर पाचच्या सुमारास येते, तर डिसेंबरअखेर चारच्या सुमारास. लढाईच्या वा मुक्कामाच्या हकिकतीत एक तासाचा फरक उपेक्षणीय नसतो.