शिंदेशाहीची तोफ, सोरा आणि क्षार

ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ भागाला ते नाव दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडले. १८१० च्या सुमारास पडलेली छावणी पुढे शहरच झाली. आपण मराठी मंडळी त्या इतिहासाचा अभिमान बाळगतो, पण त्यामागचे रसायनशास्त्र सहसा कोणी सांगत नाही.

महादजी शिंद्यांनी १७८४ साली द बॉयन या सेनानीस चाकरीत घेतले आणि आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना चालविला. तांबे व कथील वितळवून एकत्र करणे, ही काही रासायनिक अभिक्रिया नव्हे, ते मिश्रण. खरे रसायन होते ते तोफेच्या दारूत. दारूचा मुख्य घटक सोरा. सोऱ्याच्या मातीतून झिरपवलेल्या पाण्यात कॅल्शियम नायट्रेट असे. त्यात लाकडाची राख मिसळली, की राखेतले पोटॅशियम आणि पाण्यातले कॅल्शियम आपापले जोडीदार बदलत. कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसे, सोरा पाण्यात उरे. मराठी पुस्तक याला ‘दुहेरी विस्थापन’ म्हणते, हिंदी पुस्तक ‘द्विविस्थापन’. बत्ती लागताच सोरा ऑक्सिजन पुरवी, कोळसा व गंधक जळत. हे ‘ऑक्सिडीकरण व क्षपण’, हिंदीत ‘उपचयन-अपचयन’.

उरलेले प्रकार वाड्याच्या भिंतीत सापडतात. भट्टीत चुनखडी भाजली, की कळीचा चुना व कार्बन डायऑक्साइड वेगळे होतात : अपघटन, म्हणजे हिंदीतले वियोजन. त्या चुन्यावर पाणी ओतले, की तो फसफसून तापतो : संयोग, म्हणजे संयोजन. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाका. लोखंड द्रावणात जाते, खिळ्यावर तांब्याचा थर चढतो. हे विस्थापन, दोन्ही भाषांत एकच.

शब्द निराळे असले, तर मूल दोन्ही शिकते. घोटाळा होतो तो शब्द एक आणि अर्थ दोन असतात तेव्हा. घरी आजोबा शिकवतात, ‘आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार व पाणी.’ नातू हिंदी उत्तरपत्रिकेत मिठाच्या जातीच्या पदार्थाला ‘क्षार’ लिहितो आणि गुण गमावतो. कारण तिथे क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारा आम्लारी, आणि आपला क्षार म्हणजे ‘लवण’. यात चूक आजोबांचीही नाही नि गुरुजींचीही नाही. सुश्रुतसंहितेत वनस्पतींच्या राखेपासून क्षार करण्याची कृती आहे. हिंदीने तो जुना अर्थ जपला. मराठीने ‘विहिरीच्या पाण्यात क्षार फार’ या बोलीतला अर्थ शास्त्रात नेला.

तेव्हा वाचकहो, मुलाला नुसता शब्द विचारू नका. ‘काय तुटले, काय जुळले, कोणी कोणाची जागा घेतली?’ एवढे विचारा. ते ज्याला सांगता आले, त्याला रसायन कळले. मग कोणत्या पुस्तकात त्याला काय म्हणतात, हे घरात दोन्ही भाषांतून एकदा लिहून ठेवले, की पुरे.