पोटच्या लेकरांतली निवड

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींत सालं क्वचितच येतात. ज्वारी करपली ते वर्ष, बैलजोडी विकली ते वर्ष, असा त्यांचा हिशेब. धाकट्या आत्याची गोष्ट आजी सांगायची ती बहात्तरच्या दुष्काळाआधीची.

आत्या आजीचं चौथं लेकरू. अंगणात जरा पळाली की तिचे ओठ जांभळे पडत. मग ती आपसूक उकिडवी बसे आणि दम परतला की उठे. डॉक्टरांनी सांगितलं, काळजाला जन्मापासून भोक आहे, मुंबईला न्या. त्याच उन्हाळ्यात थोरल्या काकांना मुदतीचा ताप आला. बैलजोडी विकली, ती त्यांच्या औषधपाण्यात गेली. ‘‘पैसा एकाचाच व्हता,’’ आजी म्हणायची. काका वाचले, आत्या गेली.

अशी निवड टाळू शकणारी सोय आमच्याकडं फार उशिरा आली. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळू लागले, लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियाही त्यांत आल्या. पुढच्या वर्षी योजना राज्यभर गेली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालते. २०१३ मध्येच पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतं. आत्याचं ते उकिडवं बसणं अशा तपासणीत नजरेतून सुटलं नसतं.

पण योजनेचा एखादा नियमही आजीसारखी निवड करायला लावतो. केंद्राच्या २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत तीस हजारांचं संरक्षण होतं आणि घरटी माणसं पाचच. आईबाप धरले की तीन मुलं, चौथं बाहेर. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेनं रक्कम पाच लाखांवर नेली आणि माणसांची मर्यादा काढून टाकली. मला पाच लाखांपेक्षा ही मर्यादा उठणं मोठं वाटतं.

उणिवा आहेतच. विमा मुख्यतः दवाखान्यात दाखल झालेल्या मुलाचा. रोजच्या तापखोकल्याचं औषध आणि आईची बुडालेली मजुरी घरावरच पडते. या उणिवा भरून निघायलाच हव्यात. तोवर आपल्या हातातलं एवढं करा: मूल जन्मलं की बारशाची वाट न पाहता जन्मदाखला काढा, रेशनकार्डावर त्याचं नाव चढवा आणि रुग्णालयात गेलात की आधी योजनेसाठी मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा.