गटीकरण (सारणीतील ओळींचे)

सारणीतील ज्या ओळींत ठरावीक चलाचे मूल्य सारखे असते त्या एकत्र घेऊन प्रत्येक गटाचा स्वतंत्र हिशेब करण्याची संगणकीय क्रिया. गट ज्यावरून पडतात ते गटचल. एसक्यूएलमध्ये ‘ग्रुप बाय’, पायथनच्या पांडाज संचात ‘ग्रुपबाय’ आणि आर भाषेच्या डीप्लायर संचात ‘ग्रुप_बाय’ या आज्ञेने गट पाडतात.

कार्यपद्धती : आधी ओळी गटांत विभागतात, मग प्रत्येक गटाची मोजणी, बेरीज किंवा सरासरी काढतात आणि शेवटी निकाल एका सारणीत जोडतात. या तीन पायऱ्यांची सूत्रबद्ध मांडणी हॅडली विकम यांनी २०११ मध्ये केली. गटचले एकाहून अधिक असू शकतात. मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातील संत्राबागांच्या सारणीत एका बागेच्या एका बहाराला एक ओळ असली, तर तहसील आणि बहार या चलांवरून पांढुर्णा-आंबिया, पांढुर्णा-मृग, सौंसर-आंबिया, सौंसर-मृग असे जास्तीत जास्त चार गट पडतात. एखाद्या जोडीची ओळच नसेल, तर तो गट सहसा निकालात येत नाही.

गटचलाची निवड : २०११ च्या जनगणनेत पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाडा जिल्ह्यात होत्या, ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून ‘जिल्हा’ या चलावर गट पाडले, तर सौंसरचे एकच गाव काही ओळींत छिंदवाड्यात, काहींत पांढुर्ण्यात मोजले जाते. म्हणून आधी सर्व ओळींना एकाच काळची जिल्हारचना लावून घ्यावी लागते.

दक्षता : संगणक अक्षरे जुळवतो, गाव ओळखत नाही. ‘सौंसर’ आणि ‘सौसर’ हे त्याच्या लेखी दोन गट. त्यामुळे नावाऐवजी सांकेतांक वापरणे सुरक्षित. गटचलाचे मूल्य रिकामे असलेल्या ओळींचा एसक्यूएल आणि डीप्लायर वेगळा गट करतात. पांडाज मात्र, वेगळे सांगितले नाही तर, त्या गाळते. गटांच्या सरासऱ्यांची सरासरी ही एकूण सरासरी नव्हे : समजा, पांढुर्ण्याच्या तीन बागांत १०, २०, ३० आणि सौंसरच्या एका बागेत ४० क्विंटल संत्री निघाली, तर दोन्ही तहसिलींच्या सरासऱ्यांची (२० व ४०) सरासरी ३० येते, चारही बागांची खरी सरासरी २५ आहे.