साट्याची खव्याची करंजी : एका घरगुती तंत्राचा इतिहास

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीविषयीचे लेखन बहुधा पदार्थाच्या उगमापाशी अडकते. अमुक पदार्थ मूळचा कोणाचा, तो कोणी आणला, या प्रश्नांच्या मागे लागल्यामुळे तो प्रत्यक्षात होतो कसा, हा प्रश्न दुर्लक्षित राहतो. साट्याची करंजी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. बाहेरून पापुद्रे सुटलेली आणि आत खव्याचे मऊ सारण असलेली ही करंजी म्हणजे दोन वेगळ्या तंत्रांचा संयोग होय. या तंत्रांची नोंद ग्रंथांत सापडते. ती साधण्याचे कौशल्य मात्र ग्रंथांनी नव्हे, घरातील स्त्रियांनी सांभाळले.

ग्रंथांतील साटा :

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मंडक, पोलिका, घारिका असे पदार्थ येतात. मांडे, पोळी आणि घारगे यांच्याशी त्यांचे नाते सहज ओळखू येते. परंतु पापुद्र्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे सोळाव्या शतकातील भावमिश्राचा ‘भावप्रकाश’. हा मुळात वैद्यकाचा ग्रंथ. पदार्थांचे गुणदोष सांगता सांगता तो त्यांची कृतीही देतो. त्यातील ‘फेनिका’ या पदार्थासाठी तूप घातलेल्या सपिटाची लाटी लाटून तिच्यावर तांदळाचे पीठ, तूप व पाणी यांचे मिश्रण लावावयाचे, मग तिची वळकटी करून, कापून, पुन्हा लाटून ती तुपात तळावयाची. तळताना पुटे सुटी होतात. या मिश्रणाला भावमिश्राने ‘शट्टक’ असे नाव दिले आहे. मराठी ‘साटा’ या शब्दाशी असलेले त्याचे साम्य, आणि त्याहूनही अधिक कृतीतील साम्य, नजरेत भरणारे आहे. आजही साटा म्हणजे फेसलेले तूप आणि तांदळाची पिठीच. पाणी तेवढे गळले आहे.

त्याच ग्रंथात ‘कर्पूरनालिका’ येते. सपिटाची लांबट नळी, तिच्यात लवंग, मिरे, कापूर व साखर भरून ती तुपात तळावयाची. म्हणजे फेनिकेत पुटे आहेत, पण सारण नाही. कर्पूरनालिकेत सारण आहे, पण पुटे नाहीत. पहिलीचा वारसा चिरोट्याकडे गेलेला दिसतो. साट्याच्या करंजीने मात्र ही दोन्ही अंगे एकत्र आणली, आणि येथेच खरी अडचण सुरू होते.

तंत्रातील अडचण :

पापुद्रे सुटण्याचे कारण साधे आहे. साट्यातील तूप व पिठी यांच्यामुळे पोळीचे थर एकमेकांस चिकटत नाहीत. तळताना कणकेतील पाण्याची वाफ होते व ती थरांना उचलते. परंतु जी वाफ थर उचलते, तीच सारण ओले असल्यास करंजी फोडते. फुटलेली एक करंजी कढईतील सगळे तूप खराब करते. नारळाचे, तीळ-खसखशीचे किंवा भाजलेल्या रव्याचे सारण तुलनेने सोशीक असते. खव्याचे तसे नाही. तो मंद आचेवर परतून त्यातील ओल घालवावी लागते आणि पूर्ण निवल्यावरच पिठीसाखर मिसळावी लागते. गरम खव्यात साखर पडली की ती विरघळते व सारण सैल होते. इतके करूनही ही करंजी फार दिवस टिकत नाही. डब्यात पंधरवडा राहणाऱ्या फराळात तिला म्हणूनच सहसा मानाचे, पण थोडेच स्थान मिळाले.

यातील प्रत्येक टप्पा अंदाजाचा आहे. दुधात भिजवलेला रवा किती कुटावा, साटा फेसून केव्हा हलका झाला, लाटी दाबताना पदर बाहेरच्या अंगाला राहावेत की आत, तूप किती तापले, हे शब्दांत पुरते सांगता येत नाही. तूप फार तापले तर वरचे पदर लाल होऊन आतले कच्चे राहतात. कमी तापले तर पदर तूप पितात. शिवाय हे काम एकटीचे नव्हे. एकीने लाटावे, दुसरीने भरावे, तिसरीने तळावे, आणि भरलेल्या करंज्या तोवर ओल्या फडक्याखाली झाकून ठेवाव्यात, अशी त्याची घडण आहे. सासू-सुना, जावा आणि शेजारणी यांच्या या बैठकीतच हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे गेले. कातणे न वापरता हाताने कडेला मुरड घालण्याची कलाही अशीच शिकली गेली. गौरींना निरोप देताना मुरडीचा कानवला करतात, तो त्यांनी पुन्हा मुरडून यावे म्हणून.

छापील पुस्तके आणि वनस्पती तूप :

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 मध्ये निघाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 मध्ये. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (1970) वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर पोहोचवले. अशा पुस्तकांकडे केवळ पाककृतींचे संग्रह म्हणून पाहणे अपुरे ठरते. नोकरीनिमित्त शहरात आलेल्या लहान कुटुंबात शेजारी बसून सांगणारी वडीलधारी स्त्री नव्हती. ती पोकळी या प्रमाणांनी भरून काढली. मात्र वाटीने तूप मोजता येते, त्याचा ताव मोजता येत नाही.

दुसरा बदल वनस्पती तुपाचा. 1937 मध्ये बाजारात आलेला डालडा साजूक तुपाहून स्वस्त होता आणि हवेतील उष्म्यात सहज पातळ होत नसे. साट्याला हवा तो घट्टपणा त्यात आयता मिळाला. त्यामुळे ज्या घरांना तुपातली करंजी परवडत नव्हती, तेथेही पापुद्रे सुटू लागले, ही गोष्ट वनस्पतीवर टीका करताना सहसा विसरली जाते. पुढे त्यातील ट्रान्स फॅटचे दुष्परिणाम स्पष्ट झाले आणि भारतात जानेवारी 2022 पासून खाद्य तेल-तुपांतील त्याचे प्रमाण 2 टक्क्यांच्या आत ठेवणे बंधनकारक झाले. ज्या घरांत आजही करंजी घरीच होते, त्यांतील अनेक घरांत साट्यासाठी पुन्हा साजूक तूप परातीत घेऊन तळहाताने फेसले जाते.